ऊन, डोंगर आणि लोटलेला काळ

इक्वेडोरमधील यासुनीच्या वर्षावनात वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी २५ हेक्टरांचा एक चौकोन आखून घेतला आहे. अर्धा किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, एवढीच ती जागा. आणि तेवढ्यात झाडांच्या ११०० हून अधिक प्रजाती मोजल्या गेल्या आहेत. या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. युरोप, पूर्व आशिया आणि उत्तर अमेरिका येथील सगळी दमट समशीतोष्ण जंगले एकत्र धरली, तर त्यांचे क्षेत्रफळ ४२ लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि त्या अफाट प्रदेशातल्या झाडांच्या प्रजातीही साधारण तेवढ्याच, म्हणजे ११०० ते १२०० च्या दरम्यान आहेत. हे दोन आकडे एकदा शेजारी-शेजारी वाचले, की जंगलाच्या कोणत्याही चित्राकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

असे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असते: विषुववृत्ताकडे ऊन जास्त, म्हणून जीव जास्त. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते फार लवकर थांबते. उन्हापासून सुरुवात करून थोडे पुढे गेले, की डोंगर, समुद्र आणि नद्या आडव्या येतात. त्यांच्याही पुढे गेले, की शेवटी पृथ्वीच्या इतिहासापाशी येऊन पोहोचावे लागते. या तिन्हींत सर्वांत कमी बोलले जाते ते इतिहासाबद्दल, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वजन त्याचेच आहे.

पण आधी ऊन. विषुवदिनी विषुववृत्तावर मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्याच वेळी ६० अंश अक्षांशावर तो क्षितिजापासून केवळ ३० अंश वर असतो, त्यामुळे तितक्याच किरणांना दुप्पट जमिनीवर पसरावे लागते, शिवाय त्यांना हवेच्या अधिक जाड थरातून वाट काढावी लागते. वनस्पती मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक टक्का प्रकाशसंश्लेषणाने साठवतात, आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पुढच्या पायरीवर त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा पोहोचतो. पायाच रुंद असेल तर वर अधिक पायऱ्या उभ्या राहू शकतात, हे उघड आहे. जिथे एकूण जीव संख्येने जास्त असतात तिथे दुर्मीळ प्रजातीचेही पुरेसे सदस्य शिल्लक राहतात आणि ती सहजासहजी नामशेष होत नाही, असाही एक युक्तिवाद आहे, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे.

अडचण येते ती खारफुटीपाशी. उष्ण कटिबंधातली खारफुटीची जंगले सेंद्रिय पदार्थ निर्माण करण्यात कोणत्याही वर्षावनाशी बरोबरी करू शकतात. ऊन भरपूर, पाणी भरपूर, भरतीबरोबर येणारा गाळही भरपूर. तरीही एखाद्या खाडीतल्या खारफुटीच्या प्रजाती सहज मोजून होतात. खाऱ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात तग धरण्याची युक्ती फार थोड्या वनस्पतींना साधली आहे, हे त्याचे एक कारण. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळून खारफुटीच्या जेमतेम डझनभर प्रजाती आढळतात, तर पूर्व आफ्रिकेपासून पश्चिम प्रशांतापर्यंतच्या किनाऱ्यांवर त्याच्या कित्येक पट. दोन्हीकडे ऊन तेच, मीठही तेच. निपा नावाचा खारफुटीत वाढणारा ताड आज फक्त दुसऱ्या भागाचा मूळ रहिवासी आहे, पण त्याचे जीवाश्म अमेरिकेत, आफ्रिकेत आणि थेट लंडनजवळच्या मातीतही सापडतात. म्हणजे तिथे तो होता, आणि मग राहिला नाही. उन्हाच्या कोणत्याही मोजमापात हा फरक दिसणार नाही.

याउलट प्रवाळभित्ती पाहाव्यात. त्यांच्या भोवतीचे पाणी इतके नितळ असते, कारण त्यात पोषक द्रव्ये फारशी नसतात. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या या भित्तींवर सागरी प्रजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा कधी ना कधी आसरा घेतो. तेव्हा ऊर्जेची एकूण बेरीज किती, एवढ्याने प्रजातींची संख्या ठरत नाही. ती ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारांनी वाटून घेतली गेली, हे महत्त्वाचे ठरते, आणि वाटणी व्हायला वेळ लागतो.

वर्षावनाच्या आतला उजेड हेही या वाटणीचेच उदाहरण आहे. पर्णछतावर पडणाऱ्या उन्हापैकी एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत उतरतात, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये उजेडाच्या जितक्या पायऱ्या आहेत तितक्या प्रकारच्या वनस्पती आपापली जागा धरून असतात: उन्हात माथा काढणारे महावृक्ष, त्यांच्यावर चढणाऱ्या वेली, फांद्यांवर बसलेली ऑर्किडे, आणि तळाच्या अंधारात एखादा वृक्ष कोसळून आभाळ उघडे पडण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत थांबलेली रोपे. ही रचना अनादी काळापासून चालत आली असावी असे आपण गृहीत धरतो. कोलंबियात सापडलेल्या पानांच्या आणि परागकणांच्या जीवाश्मांवरून दिसते ते वेगळेच आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे लघुग्रह आदळण्याच्या आधी, तिथल्या जंगलात सूचिपर्णी वृक्ष, नेचे आणि फुलझाडे विरळ अंतरावर उभी होती आणि ऊन तळापर्यंत पोहोचत होते. आघातानंतर वनस्पतींच्या सुमारे ४५ टक्के प्रजाती नष्ट झाल्या, विविधता पूर्वपदावर यायला जवळजवळ ६० लाख वर्षे लागली, आणि जे जंगल पुन्हा उभे राहिले ते फुलझाडांचे, दाट छताचे, तळाशी अंधार असलेले होते. झाडे तुडवून जागा मोकळी ठेवणारे डायनोसॉर उरले नव्हते. जमिनीत नत्र मिसळणाऱ्या शिंबावर्गीय, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचा जम बसत होता. सूर्य मात्र पूर्वीइतकाच तळपत होता. त्याच्या उन्हाचा उपयोग करून घेणारी व्यवस्था एका अपघाताने बदलली, आणि आज आपण ज्याला उष्ण कटिबंधाचे सहज वैभव समजतो ते त्या अपघातानंतरचे आहे.

सूर्याचे दुसरे देणे म्हणजे सातत्य, आणि उन्हाच्या एकूण प्रमाणापेक्षा मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. विषुववृत्ताजवळ वर्षभराचे तापमान फार थोड्या अंशांच्या पट्ट्यात फिरते. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये यातून एक सुंदर निष्कर्ष काढला. समशीतोष्ण प्रदेशातल्या दरीत राहणाऱ्या जीवाला उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही सोसण्याची सवय असते, त्यामुळे डोंगरावरची थंडी त्याला नवी नसते आणि खिंड ओलांडून तो पलीकडच्या दरीत जाऊ शकतो. उष्ण कटिबंधातल्या दरीतल्या जीवाला मात्र बारा महिने तेच तापमान अंगवळणी पडलेले असते; तेवढ्याच उंचीचा डोंगर त्याच्या शरीराला कितीतरी अधिक दुस्तर असतो. दोन दऱ्यांमधले समूह मग एकमेकांना भेटत नाहीत, आणि पुरेसा काळ गेला की ते दोन वेगळ्या प्रजाती होतात. ऊन आणि डोंगर यांच्या कामाची इतकी नेमकी सांगड घालणारा विचार मला दुसरा सापडलेला नाही.

याच गुणाची दुसरी बाजू आता दिसू लागली आहे. पेरूमधील पँतियाकोया नावाच्या डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची उंचीनुसार पाहणी झाली होती. २०१७ मध्ये ती पुन्हा केली तेव्हा बहुतेक पक्षी आपापल्या जुन्या पट्ट्यांहून वर सरकलेले आढळले, आणि शिखराजवळच्या काही प्रजाती सापडल्याच नाहीत. तापमानाच्या अरुंद पट्ट्यात जगण्याने ज्यांना वेगळे केले, त्यांना तो पट्टा वर सरकला की त्याच्या मागे जावेच लागते, आणि डोंगराला शेवट असतो.

डोंगरांच्या या कामाची पहिली मोठी नोंद दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतलीच आहे. १८०२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट आणि एमे बोंप्लां चिंबोरासो पर्वतावर चढले. शिखर त्यांना गाठता आले नाही, पण पायथ्याच्या ताडांपासून हिमरेषेजवळच्या दगडफुलांपर्यंत वनस्पतींचे पट्टे कसे बदलत जातात हे हुंबोल्टने एकाच चित्रात मांडले, आणि विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना जे दिसते तेच एका डोंगरावर चढताना दिसते, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या चित्रात नव्हता तो काळ. अँडीज नेहमीच इतके उंच नव्हते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, की तिथल्या गारठ्याच्या उंच माळांवर ल्युपिन या शिंबावर्गीय झुडपांच्या ८० च्या आसपास प्रजाती अवघ्या २० लाख वर्षांच्या आत निर्माण झाल्या, कारण तितका उंच माळच त्याआधी उपलब्ध नव्हता. हमिंगबर्डची कथा तर त्याहून विलक्षण आहे. आज त्यांच्या साडेतीनशेहून अधिक प्रजाती केवळ अमेरिका खंडांत आढळतात आणि अँडीजच्या उतारांवर त्यांची सर्वाधिक दाटी आहे. पण त्यांच्या कुळाचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले ते जर्मनीत. जिथे ते आधी होते तिथे आज एकही नाही, आणि जिथे नंतर पोहोचले तिथे उंचावत जाणाऱ्या पर्वतांनी त्यांना एकामागून एक नवे घर दिले.

उंचावण्याइतकेच जोडण्यानेही भूगोल प्रजाती घडवतो. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी पूर्ण झाली आणि दोन अमेरिका एकमेकांना जोडल्या गेल्या. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी तो पूल होता: अस्वले, मांजरकुळातले शिकारी आणि लामांचे पूर्वज दक्षिणेकडे गेले, आर्माडिलो आणि ओपोसम उत्तरेकडे आले. समुद्रातल्या जीवांसाठी मात्र तीच भूमी भिंत ठरली. नांगीने टिचकी वाजवून भक्ष्याला बधिर करणारी एक लहानशी कोळंबी तिथे दोन्ही किनाऱ्यांना उथळ पाण्यात राहते. कॅरिबियन बाजूची आणि प्रशांत बाजूची अशा तिच्या जोड्या सापडतात. दिसायला त्या जवळपास सारख्या, आणि आनुवंशिकदृष्ट्या एकमेकींच्या सर्वांत जवळच्या. सागरी जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन यांनी दोन बाजूंचे नर आणि मादी एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा बहुतेकांनी जोडी जमवण्याऐवजी एकमेकांवर नांग्या उगारल्या. एका बोटाएवढ्या प्राण्याच्या या नकारात ३० लाख वर्षांची फारकत साठलेली आहे. काही जोड्या तर भूमी पूर्ण जोडली जाण्याच्या पुष्कळ आधीच वेगळ्या झाल्या होत्या, कारण भिंत एका दिवसात उभी राहिली नाही. खोल पाण्यातले जीव आधी तुटले, किनाऱ्याच्या खारफुटीतले सर्वांत शेवटी.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये इंडोनेशियातल्या बाली बेटाहून शेजारच्या लोंबोकला गेला, तेव्हा अवघ्या ३५ किलोमीटरांच्या सामुद्रधुनीपलीकडे त्याला ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे दिसले. हिमयुगांत समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली तेव्हा बालीपर्यंतची बेटे आशियाच्या भूमीला जोडली जात, पण लोंबोकची सामुद्रधुनी इतकी खोल आहे, की ती कधीच कोरडी पडली नाही. दोन बेटांवरचे ऊन आणि पाऊस जवळपास सारखे आहेत. फरक आहे तो समुद्रतळाच्या खोलीचा.

आता इतिहासाकडे. सुरुवातीला ज्या समशीतोष्ण जंगलांची एकत्र बेरीज केली, ती वेगवेगळी करून पाहिली तर एक कोडे समोर येते. पूर्व आशियात झाडांच्या सातशेहून अधिक प्रजाती आहेत, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सुमारे अडीचशे, आणि युरोपात फक्त सव्वाशे. हवामानाच्या फरकातून एवढी तफावत निघत नाही. युरोपातल्या जुन्या थरांमध्ये मॅग्नोलिया, ट्यूलिप वृक्ष आणि हेमलॉक यांचे जीवाश्म मिळतात, आणि ही तिन्ही झाडे आज अमेरिकेत आणि पूर्व आशियात रानात वाढतात, फक्त मधल्या युरोपात नाहीत. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत हिमस्तर वारंवार दक्षिणेकडे सरकले. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वत उत्तर-दक्षिण पसरले असल्याने झाडांच्या बिया पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडे सरकू शकल्या आणि बर्फ हटल्यावर परतल्या. युरोपात आल्प्स आणि पिरेनीज पूर्व-पश्चिम आडवे पडलेले आहेत, त्यांच्यापलीकडे भूमध्य समुद्र, आणि त्याच्याही पलीकडे वाळवंट. पूर्व आशियात हिमस्तरांचा वेढा कमी पडला आणि दक्षिणेकडची वाट उष्ण कटिबंधापर्यंत मोकळी राहिली. डोंगररांग कोणत्या दिशेने पसरली आहे, एवढ्या एका गोष्टीवर एका खंडाच्या जंगलाचे दैव ठरावे, हे मला अजूनही अस्वस्थ करणारे वाटते.

सरोवरांमध्ये हेच अधिक स्पष्ट दिसते. सैबेरियातले बैकाल सरोवर उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्याही उत्तरेला आहे. त्याला ऊन कमी मिळते आणि हिवाळ्यात ते महिनोन्महिने गोठलेले असते. तरीही त्यात केवळ ॲम्फिपॉड या झिंग्यासारख्या कवचधारी जीवांच्या अडीचशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. गोड्या पाण्यातच राहणारा एक सीलही तिथे आहे. सुपीरियरमध्ये या तोडीचे काहीच नाही. बैकाल ही भूपृष्ठ फाटून तयार झालेली, १,६४२ मीटर खोलीची भेग आहे आणि तिचे वय सुमारे अडीच कोटी वर्षे आहे. सुपीरियर हिमनद्यांनी कोरले आणि त्यावरचे बर्फ वितळून जेमतेम दहा हजार वर्षे झाली. ऊन हेच मुख्य कारण असते, तर या दोन सरोवरांची स्थिती उलटी असायला हवी होती.

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचा केप प्रदेशही असाच. तो उष्ण कटिबंधाच्या बाहेर आहे, त्याची माती वालुकाश्माची आणि निकस आहे, आणि तरी सुमारे ९०,००० चौरस किलोमीटरांत तिथे फुलझाडांच्या जवळजवळ ९,००० प्रजाती आहेत, त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक केवळ तिथल्याच. एरिका या एकाच गटातल्या सहाशेहून अधिक प्रजाती तिथे वाढतात. हिमस्तर तिथवर पोहोचले नाहीत, हिवाळ्यातला पाऊस लाखो वर्षे बऱ्यापैकी नेमाने येत राहिला, आणि डोंगरांनी माती व पाऊस यांचे असंख्य लहान तुकडे करून ठेवले. त्याच खंडाच्या विषुववृत्तीय भागात मात्र ताडकुळाच्या प्रजाती पाहिल्या, तर संपूर्ण आफ्रिकेत त्या ६५ च्या आसपास भरतात, आणि तिच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या मादागास्करमध्ये सुमारे दोनशे. आफ्रिकेची जंगले पुन्हा पुन्हा कोरडी पडत, आक्रसत गेली. परागकणांचे जीवाश्म सांगतात, की ताड तिथे एके काळी बरेच अधिक होते.

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला जांभळा बेडूक २००३ मध्ये शास्त्रीय नावानिशी जगापुढे आला. वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खाणारा आणि पावसाच्या सुरुवातीला काही दिवस प्रजननासाठी वर येणारा हा फुगीर, टोकदार नाकाचा प्राणी. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, सेशेल्स बेटांवर आहेत. बेडकाला खारा समुद्र पार करता येत नाही. वेगळी झाली ती जमीन: गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटला तेव्हा दोघांचे पूर्वज त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर राहून गेले, आणि भारताचा तुकडा त्याला घेऊन आशियाच्या दिशेने निघाला. दख्खनचा लाव्हा वाहिला, डायनोसॉर संपले, हिमालय उभा राहिला, आणि तो जमिनीखाली तगून राहिला.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आफ्रिकेतले व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, आणि तरी आज त्यात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती निर्माण झालेल्या आहेत. त्यातल्या एका जोडीत उजेडाचा हात थेट दिसतो. सरोवराच्या किंचित गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो आणि लाल प्रकाश खोलवर जातो. वरच्या पाण्यातल्या प्रजातीचा नर निळसर, खालच्याचा लाल. माद्यांच्या डोळ्यांतली रंगद्रव्येही त्या त्या उजेडाला जुळवलेली, त्यामुळे प्रत्येक मादी आपल्याच खोलीवरचा नर निवडते. इथे मात्र ऊनच प्रजाती वेगळ्या राखत आहे. पण जिथे सांडपाण्याने आणि वाहून आलेल्या मातीने पाणी फार गढूळ झाले तिथे रंग ओळखू येईनासे झाले, संकर होऊ लागले, आणि नरांचे रंग व प्रजातींची संख्या दोन्ही घटली. शिवाय या माशांच्या जनुकांचा अभ्यास सांगतो, की त्यांच्यातले वैविध्य सरोवराहून खूप जुने आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या वंशांचा संकर झाला आणि त्यातून आलेली सामग्री पुढे हरतऱ्हेने वाटली गेली. सरोवर नवे असले, तरी त्यातल्या माशांचे भांडवल जुने होते.

दुसरा आक्षेप समुद्रातून येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हजारो सागरी माशांच्या वंशावळी ताडून पाहिल्यावर, नव्या प्रजाती सर्वांत वेगाने ध्रुवांजवळच्या गार पाण्यात निर्माण होताना आढळल्या, उष्ण कटिबंधातल्या प्रवाळभित्तींवर नव्हे. अंटार्क्टिकाभोवतीचे मासे रक्तात गोठणरोधक प्रथिने बाळगून जगतात, आणि त्यांच्यातल्या एका कुळाने तर हिमोग्लोबिनच सोडून दिले आहे, त्यामुळे त्यांचे रक्त पाण्यासारखे रंगहीन दिसते. मग ध्रुवीय समुद्र माशांच्या प्रकारांनी भरून का गेले नाहीत? मला पटणारे उत्तर असे, की प्रजाती किती झपाट्याने जन्मतात यापेक्षा त्या किती काळ टिकतात याने मोजदाद ठरते. हिमयुगात अंटार्क्टिकाचा हिमस्तर पुढे सरकत खंडाच्या कडेच्या उथळ समुद्रतळावर टेकतो आणि तिथला तळ खरवडून काढतो. पुढच्या उबदार टप्प्यात तो मागे हटतो, मोकळ्या झालेल्या तळावर वाचलेले मासे पसरतात, झपाट्याने वेगळे होतात, आणि बर्फ पुन्हा पुढे येते.